स्कीच्या शर्यती आणि इंजिनिअरिंगची पदवी: आधी वेळापत्रक, मग संघ

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी अकरावीत असून गेली काही वर्षे हिवाळ्यातले शनिवार-रविवार व्हरमाँटमधील एका क्लबकडून अल्पाइन स्की रेसिंग (डोंगरउतारावरून खाली येण्याच्या शर्यती) करते. स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेट्समधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, तिचे एफआयएस पॉइंट्स (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे गुण, जितके कमी तितके चांगले) साठीच्या आसपास आहेत, तर गेट्स जास्त अंतरावर असलेल्या जायंट स्लालममध्ये सत्तरीच्या पुढे. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के आहे आणि तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे. कॉलेजच्या संघातून शर्यती करणे म्हणजे राष्ट्रीय संघाची आशा सोडणे का, शिष्यवृत्ती मिळेल का, आणि या सगळ्यात पदवीचे काय होईल, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी न्यू इंग्लंडमधील एका महाविद्यालयात खेळाडू-विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून बरीच वर्षे काम करते आणि दर हिवाळ्यात स्की संघातील मुले-मुली माझ्या टेबलासमोर बसलेली असतात. बहुतेक कुटुंबे आधी संघाची क्रमवारी पाहतात, मग प्रशिक्षकाची कीर्ती, मग शिष्यवृत्तीचा आकडा, आणि कॉलेजचे शैक्षणिक वेळापत्रक सर्वांत शेवटी, प्रवेश पक्का झाल्यावर उघडतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. शर्यतींचा हंगाम आणि अभ्यासाचे सत्र एकमेकांवर कसे येतात यावर या मुलांची चार वर्षे कशी जातील हे ठरते, आणि इंजिनिअरिंगसारख्या एकात एक गुंतलेल्या अभ्यासक्रमात तर ते जास्तच जाणवते.

राष्ट्रीय संघाचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. अमेरिकी पुरुषांना अल्पाइनमधली पहिली ऑलिंपिक पदके 1964 साली इन्सब्रुकला स्लालममध्ये मिळाली. बिली किड यांना रौप्य आणि जिमी ह्यूगा यांना कांस्य. त्या संघाचे प्रशिक्षक बॉब बीटी हे कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाचेही प्रशिक्षक होते आणि राष्ट्रीय संघाचा तळ जणू बोल्डरच्या त्या विद्यापीठातच होता. पुढे 1967 पासून वर्ल्ड कप सुरू झाला, शर्यतींचे वर्ष लांबत गेले, राष्ट्रीय संघांना सोळा-सतरा वर्षांची मुले पूर्णवेळ हवीशी वाटू लागली आणि कॉलेज हा मागे पडलेल्यांचा रस्ता आहे असा समज रूढ झाला. तो पूर्णपणे खरा कधीच नव्हता. डेव्हिड चोडून्स्की यांनी डार्टमथकडून खेळताना 2005 मध्ये एनसीएएचे, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे, स्लालम विजेतेपद मिळवले, इंजिनिअरिंग आणि भूशास्त्र घेऊन 2008 मध्ये पदवी पूर्ण केली, त्यानंतर राष्ट्रीय संघात जागा मिळवली आणि 2014 व 2018 ही दोन ऑलिंपिक खेळले. नॉर्वेचे लाइफ क्रिस्टियन हाउगेन डेन्व्हर विद्यापीठातून गेले आणि 2017 च्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लालमचे कांस्य घेऊन आले. स्वित्झर्लंडचे टँग्वी नेफ डार्टमथमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकले आणि 2025 च्या जागतिक स्पर्धेत सांघिक कंबाइन्डमध्ये (जोडीतला एक डाउनहिल आणि दुसरा स्लालम उतरतो) रौप्यपदक विजेत्या जोडीत होते.

आपल्या मुलीला मात्र मी पॉला मोल्टझान यांचा प्रवास वाचायला सांगेन. मिनेसोटातल्या लहानशा टेकड्यांवर तयार झालेली ही मुलगी 2015 मध्ये स्लालमची ज्युनिअर विश्वविजेती झाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघातून वगळली गेली. ती व्हरमाँट विद्यापीठात दाखल झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात, 2017 मध्ये, एनसीएएची स्लालम विजेती ठरली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये विद्यार्थिनी असतानाच किलिंग्टनच्या वर्ल्ड कप स्लालममध्ये उतरून तिने सतरावा क्रमांक मिळवला, पुन्हा राष्ट्रीय संघात आली आणि 2025 मध्ये झालबाखच्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लालमचे कांस्यपदक जिंकले. तेव्हा आशा सोडण्याचे कारण नाही. पण अशी नावे मोजकी आहेत, हेही डोळ्यांआड करू नये. माझ्यासमोरून गेलेल्या बहुतेकांची शेवटची शर्यत चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये झाली, आणि त्यांपैकी फारच थोड्यांना त्याची खंत वाटलेली मी पाहिली आहे.

आता पॉइंट्स. एफआयएस प्रत्येक शर्यतीचे गुण काढतो. विजेतीच्या वेळेपेक्षा आपण किती टक्के मागे राहिलो हे काढायचे आणि त्याला त्या प्रकाराच्या ठरलेल्या गुणकाने गुणायचे. स्लालमचा गुणक 730, जायंट स्लालमचा 1010. समजा, जायंट स्लालमच्या दोन फेऱ्या मिळून विजेतीला 130 सेकंद लागले आणि आपल्या मुलीला 132.60. ती दोन टक्के मागे राहिली, म्हणून 20.20. त्यात शर्यतीची पेनल्टी मिळवतात. ही पेनल्टी त्या दिवशी उतरलेल्या आणि पहिल्या दहांत आलेल्या स्पर्धकांच्या आधीच्या पॉइंट्सवरून निघते. ती 25 आली तर आपल्या मुलीचे त्या दिवशीचे गुण 45.20 झाले. यादीत प्रत्येक प्रकारासाठी वर्षभरातल्या उत्तम दोन निकालांची सरासरी लागते. म्हणून एखादी मुलगी हंगामभर धडपडते आणि दोनच दिवस जमून जाते, तरी तिची यादीतली जागा एकदम बदलते. उलट, कितीही सातत्य असले तरी दुबळ्या शर्यतींत जिंकून फारसे काही हाती लागत नाही.

याचा कॉलेजशी संबंध असा की, एनसीएए संघांच्या बहुतेक शर्यती एफआयएसच्या नोंदणीतच होतात आणि त्यांत नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रियातून आलेल्या, आपापल्या राष्ट्रीय संघांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुली असतात. स्पर्धा कठीण होते, पण त्यामुळेच पेनल्टी कमी लागते आणि शिकता शिकता पॉइंट्स उतरवता येतात. आघाडीच्या संघांत मला तीस-चाळीसच्या आतल्या मुलींची गर्दी दिसते. साठीचे पॉइंट्स घेऊन आज डेन्व्हर किंवा यूटाच्या दारावर थाप मारली तर बहुधा विनम्र नकार येईल. पूर्वेकडच्या मधल्या फळीतल्या संघांचे प्रशिक्षक मात्र नक्की बोलतील, विशेषतः ती आठवड्याला दोनच दिवस सराव करून इथवर आली आहे हे कळल्यावर. प्रशिक्षक आजच्या आकड्याइतकेच आकडा किती वेगाने खाली येतो आहे तेही पाहतात. तिने स्लालम जरा बाजूला ठेवून या हंगामात जायंट स्लालमवर भर द्यावा असे मी सुचवेन, कारण दोन्ही प्रकारांत उतरणारी मुलगी संघाला एकाच प्रकारातल्या तरबेज मुलीपेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडते.

आता मूळ मुद्दा. पूर्वेकडच्या कॉलेजांच्या शर्यतींना कार्निव्हल म्हणतात. डार्टमथचा विंटर कार्निव्हल 1911 पासूनचा आहे आणि नाव तिथूनच पसरले. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला, बहुधा शुक्रवार आणि शनिवार, एक दिवस स्लालम आणि एक दिवस जायंट स्लालम. मार्चमध्ये एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे 1983 पासून मुले आणि मुली, अल्पाइन आणि नॉर्डिक (सपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती), यांचे गुण एकत्र करून एकच संघ विजेता ठरतो.

शुक्रवारचा दिवस कसा जातो ते पाहा. दूरची शर्यत असेल तर व्हॅन गुरुवारी दुपारीच निघते, म्हणजे गुरुवारचे दुपारचे तास आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस गेला. सकाळी उजाडताच मुली इन्स्पेक्शनसाठी गेट्सच्या कडेने सावकाश घसरत खाली येतात. उतार कुठे एकदम तुटतो, कुठल्या दोन गेट्समधली लय बदलते, हे पाठ करतात आणि खाली पोहोचल्यावर डोळे मिटून, हात हलवत पुन्हा मनात उतरून पाहतात. पहिली फेरी होते, मग कोर्स नव्याने लावतात, दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतल्या वरच्या स्पर्धकांचा क्रम उलटा करतात. दोन फेऱ्या मिळून मुलगी जेमतेम दोन मिनिटे शर्यतीत असते. बाकीचा दिवस थंडीत उभे राहण्यात, गेट्स वाहण्यात आणि वाट पाहण्यात जातो. संध्याकाळी स्की बाकावर आवळून कडांना फाइल, मग डायमंड स्टोन, मग वॅक्स, कारण दुसऱ्या दिवशी बर्फ काचेसारखा असणार. रात्री माझ्याकडे शिकवणीच्या खोलीत येणाऱ्या मुलींच्या जॅकेटला तो वॅक्सचा वास असतो आणि बोटांना फाइलने कापल्याच्या बारीक रेघा असतात.

एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत (डिव्हिजन वन) हंगामातल्या सरावावर आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे आणि ती ऐकून पालकांना हायसे वाटते. पण त्याच नियमात शर्यतीचा दिवस कितीही लांबला तरी तो 3 तासांचाच धरला जातो, आणि प्रवास मोजलाच जात नाही. कागदावरचे 20 तास आणि प्रत्यक्ष खर्ची पडणारा वेळ यांचा मेळ बसत नाही, हे धरूनच आखणी केलेली बरी.

इंजिनिअरिंगमध्ये अडचण कुठे येते? प्रयोगशाळेत. व्याख्यान चुकले तर टिपणे मिळतात, शुक्रवारची लॅब चुकली तर ती सहसा परत होत नाही. शिवाय विषय साखळीने येतात. स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स नाही, ते झाल्याशिवाय पुढचे नाही. एखादा विषय वर्षातून एकदाच, तोही जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात शिकवला जात असेल आणि त्याची लॅब शुक्रवारी असेल, तर मुलगी तो पुढे ढकलते आणि तिच्यामागचे सगळे विषय एक वर्षाने सरकतात. पहिल्या श्रेणीत पात्रता टिकवण्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा 40 टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला 60 टक्के आणि पाचव्याच्या सुरुवातीला 80 टक्के भाग पूर्ण असावा लागतो, तेव्हा विषय ढकलायलाही मर्यादा आहेच.

म्हणून कॉलेजचे कॅलेंडर. डार्टमथमध्ये वर्षाची दहा-दहा आठवड्यांची चार सत्रे असतात आणि विद्यार्थी कोणती सत्रे हजर राहायचे हे बऱ्याच अंशी ठरवू शकतो. राष्ट्रीय संघातले खेळाडू हिवाळा रिकामा ठेवून वसंतात आणि उन्हाळ्यात शिकतात ते याच सोयीमुळे. मात्र कॉलेजच्याच संघाकडून खेळायचे तर हिवाळ्याच्या सत्रात नोंदणी लागते, आणि दहा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याचे दोन दिवस बुडाले तर ते भरून काढायला वेळ उरत नाही. त्या सत्रात हलके विषय घ्यायचे, जड विषय शरदात आणि वसंतात, अशी आखणी तिथे करावी लागते. डेन्व्हरही दहा आठवड्यांच्या पद्धतीवर चालते. मिडलबरी, विल्यम्स आणि कोल्बी इथे जानेवारीत एकच विषय शिकवण्याची पद्धत आहे आणि स्की संघाला ती वरदान ठरते, कारण हंगामाचा पहिला भाग त्या एका विषयाबरोबर निघून जातो. मिडलबरीत तर फेब्रुवारीत पदवी घेणारे विद्यार्थी काळा झगा आणि टोपी घालून कॉलेजच्या स्वतःच्या टेकडीवरून स्कीवर खाली उतरतात.

पण मिडलबरी, विल्यम्स, कोल्बी, बेट्स ही कॉलेजे इंजिनिअरिंगची पदवी देत नाहीत. तीन वर्षे इथे आणि दोन वर्षे दुसऱ्या विद्यापीठात अशी जोड-योजना असते. पण ती घेतली तर चौथा हिवाळा, म्हणजे मुलगी संघात सर्वांत अनुभवी असते तोच, हातचा जाण्याची भीती असते. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणी स्वतःहून सांगत नाही. त्यामुळे आपल्या मुलीसाठी मी व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मोंटाना स्टेट, कोलोरॅडो आणि यूटा ही इंजिनिअरिंग असलेली विद्यापीठे एका बाजूला ठेवेन आणि दुसऱ्या बाजूला डार्टमथ. डार्टमथला आधी कला शाखेची इंजिनिअरिंग सायन्सेसमधली पदवी आणि मग व्यावसायिक इंजिनिअरिंगची पदवी अशी रचना आहे आणि बरेच जण त्यासाठी पाचवे वर्ष घेतात; खेळाडूंच्या दृष्टीने ते पाचवे वर्ष मला अडचण वाटत नाही, सोय वाटते.

सत्र कुठलेही असो, एक उपाय सर्वत्र चालतो. शाळेत असतानाच कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे एपी (शाळेतच देता येणारे कॉलेज पातळीचे) पेपर चांगल्या गुणांनी द्यावेत, म्हणजे पहिला हिवाळा हलका होतो. पुढे शरदात सतरा-अठरा क्रेडिट घ्यावेत आणि जानेवारीनंतर पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी आवश्यक असलेल्या बारांच्या जवळपास थांबावे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या शर्यतींच्या तारखा प्राध्यापकांना लेखी द्याव्यात. आदल्या रात्री ईमेल करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणीही सवलत देत नाही, आणि ते योग्यच आहे.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखे फार नाही. डार्टमथसह आयव्ही लीग या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातले कोणतेही विद्यापीठ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, आणि मिडलबरीसारखी तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजेही देत नाहीत; तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावरून मिळणारी मदत असते. पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना 2024-25 पर्यंत पुरुषांसाठी 6.3 आणि स्त्रियांसाठी 7 इतक्याच पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या अल्पाइन आणि नॉर्डिक अशा दोन्ही खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जात. 2025 मध्ये एनसीएएविरुद्धच्या खटल्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि त्या तडजोडीची व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती ही मर्यादा उठली आहे, पण मर्यादा उठली म्हणून स्कीसारख्या, तिकिटे न विकणाऱ्या खेळाकडे जास्त पैसा वळेल असे मला वाटत नाही. उलटही घडते. न्यू मेक्सिको विद्यापीठाने 2004 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, तरी 2019 मध्ये तो संघ खर्चकपातीत बंद झाला. खर्चाचा हिशेब करताना शिष्यवृत्ती शून्य धरावी. मिळाली तर वरकमाई.

बारावीनंतर एक वर्ष थांबून फक्त शर्यती करण्याची पद्धत या खेळात सर्रास आहे. स्की अकादमीत असे वर्ष काढणे महाग पडते. पॉइंट्स झपाट्याने उतरत असतील आणि पाच-सात गुणांनी एखाद्या संघाचे दार उघडणार असेल, तर एक वर्ष द्यावे. दुसऱ्या वर्षाला माझा विरोध असतो. त्या वर्षात गणिताचा सराव सुटतो, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात तो कसा सुटला हे दिसते.

गुडघ्याचा विषय टाळून चालणार नाही. अल्पाइन रेसिंगमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा क्रूसाकृती बंध, तुटणे ही नेहमीची गंभीर दुखापत आहे आणि शस्त्रक्रियेनंतर शर्यतीत परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. एनसीएएत हंगामाच्या सुरुवातीलाच दुखापत झाली तर तो हंगाम परत मिळण्याची तरतूद आहे. अशा सत्रात मी मुलींना दोन जड विषय जास्तीचे घ्यायला लावते. कुबड्यांवर लॅबमध्ये जाणे त्रासाचे असते, पण पुढच्या दोन हिवाळ्यांची सोय होते. कॉलेज निवडताना तिला हा प्रश्न जरूर विचारा: स्की उद्या पूर्ण सुटली तरी तू इथे चार वर्षे राहशील का? उत्तर द्यायला ती घुटमळली तर ते कॉलेज यादीतून काढा.

आपल्याकडचे काही पालक मुलांनी भारतातर्फे उतरावे का, असेही विचारतात. गुलमर्गचे आरिफ खान 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते आणि जायंट स्लालममध्ये ते 45 वे आले. त्यामुळे ही वाट सोपी असेल असे वाटते. पण एखाद्या देशाकडून खेळायला त्या देशाचे नागरिकत्व लागते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) चालत नाही, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलीकडे अमेरिकी पासपोर्ट असेल तर हा विचार तिथेच थांबवावा. भारतीय पासपोर्ट अजून असेल तर मात्र निर्णयाआधी एखाद्या जाणकाराशी बोलावे.

या वसंतात हंगाम संपताच तिने स्वतः, आपण नव्हे, सात-आठ प्रशिक्षकांना ईमेल करावे. त्यात दोन्ही प्रकारांतले पॉइंट्स, गेल्या दोन वर्षांतला त्यांचा उतार, शाळेची गुणपत्रिका, आणि एका पूर्ण फेरीचा, कापाकापी न केलेला व्हिडिओ असावा. पडल्याचा असला तरी चालेल. बारावीआधीच्या उन्हाळ्यात बरेच प्रशिक्षक गुणपत्रिका प्रवेश विभागाकडून आधीच तपासून घेतात, त्याला प्री-रीड म्हणतात, आणि तो होकारार्थी आल्याशिवाय कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये. भेटीला गेलात की प्रशिक्षकांना भेटण्याआधी संघातली इंजिनिअरिंग करणारी मुलगी शोधा. ती नसेलच, तर का नाही हे प्रशिक्षकांना विचारा. असेल, तर तिला दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीतले तिचे वेळापत्रक फोनवर उघडून दाखवायला सांगा आणि शुक्रवारच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा.